उर्दू की अर्थशास्त्र? दोन्ही शिकता येतं, पण दोन पदव्या घेण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुव्याकडचे पालक आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. "मुलीला उर्दू सोडायची नाही. पण नुसत्या उर्दूवर पुढे काय होणार? अर्थशास्त्र घेतलं तर स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतं म्हणतात. मग दोन डिग्र्या एकदम करता येतात का?" यावर मोहल्ल्यात दोन उत्तरं फिरत असतात. एक म्हणजे "आता सगळं चालतं, घ्या दोन्हीकडे अ‍ॅडमिशन." दुसरं म्हणजे "पकडले गेलात तर दोन्ही डिग्र्या रद्द." दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत, आणि अर्धवट माहितीवर मुलांची तीन वर्षं आणि घरचा पैसा लावणं आम्हाला पटत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो आहोत.

आधी नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एप्रिल 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एका वेळी दोन शैक्षणिक अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. त्यात तीन रस्ते आहेत. दोन्ही अभ्यासक्रम कॉलेजात प्रत्यक्ष बसून करायचे असतील, तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक कॉलेजात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन. दूरशिक्षणाची संस्था मात्र यूजीसीची मान्यता असलेलीच हवी. पीएचडीला हा नियम लागू नाही. ज्यांनी 2022 च्या आधीच अशा दोन पदव्या एकदम घेतल्या होत्या त्यांचा प्रश्न बराच काळ लटकला होता. 2025 मध्ये यूजीसीने त्याही पदव्या, त्या वेळचे बाकीचे नियम पाळून घेतलेल्या असतील तर, ग्राह्य धरायचं ठरवलं. तेव्हा "रद्द होतील" ही भीती आता मनातून काढून टाका.

नियम समजला. पण नियम दिल्लीत लिहिला जातो आणि आपण राहतो नंदुरबार जिल्ह्यात. पहिला रस्ता, म्हणजे सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात, हा पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी आहे. तिथे सकाळची कॉलेजं आहेत, लोकल आहे, दोन कॉलेजांत अर्ध्या तासाचं अंतर आहे. आपल्याकडे 1998 साली धुळ्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा आहे. धडगावची मुलगी घाट उतरून कॉलेजला येते तेव्हाच तिचा अर्धा दिवस एसटीत गेलेला असतो. तिला दुसऱ्या कॉलेजच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. आपल्या मुलांसाठी खरा रस्ता दुसराच, म्हणजे एक पदवी जवळच्या कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने.

कोणता विषय कॉलेजात, कोणता घरी?

इथे आम्हाला पालकांशी थोडा वाद घालायचा आहे. बहुतेक घरांत उलटा हिशोब होतो. भाषेची आवड आहे म्हणून बीए भाषेत, कॉलेजात बसून, आणि "जोडीला असू द्या" म्हणून अर्थशास्त्र दूरशिक्षणाने. आमचं म्हणणं असं की हे उलटं करा. अर्थशास्त्र कॉलेजात घ्या आणि उर्दू दूरशिक्षणाने.

कारण साधं आहे. उर्दू आपल्या घरात आहे. अम्मी बोलते, मशिदीत बयान ऐकू येतं, दहावीपर्यंत अनेकांचं माध्यमच उर्दू होतं. चांगली पुस्तकं आणि थोडी शिस्त असेल तर उर्दूचा अभ्यास घरी बसून करता येतो. अर्थशास्त्र तसं घरात नाही. मागणीची रेषा उजवीकडे खाली का उतरते, सीमांत उपयोगिता म्हणजे काय, राष्ट्रीय उत्पन्न मोजताना एकच वस्तू दोनदा कशी मोजली जाते, हे कुणीतरी फळ्यावर काढून दाखवावं लागतं. आकृती चुकली की त्याच क्षणी थांबवणारा शिक्षक लागतो. ज्या विषयाला शिक्षक लागतो तो कॉलेजात, ज्या विषयाला जास्त करून वाचन लागतं तो घरी, असा हा हिशोब.

कॉलेजची सोय आपल्याकडे आहे. नंदुरबारचं जी. टी. पाटील महाविद्यालय, शहाद्याचं पूज्य साने गुरुजी विद्याप्रसारक मंडळाचं महाविद्यालय ही जुनी नावं सगळ्यांना माहीत आहेत. तिन्ही जिल्ह्यांची, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारची, कॉलेजं जळगावच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ते सुरू झालं आणि 2018 पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आपल्या जवळच्या कॉलेजात यंदा कोणते विषय चालू आहेत, उर्दू आहे का, अर्थशास्त्राला शिक्षक किती आहेत, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारा. प्रॉस्पेक्टसमध्ये विषय छापलेला असणं आणि वर्गात शिक्षक उभा असणं यात फरक असतो, हे आम्ही शिक्षक असून सांगतो.

दूरशिक्षणासाठी तीन नावं लक्षात ठेवा. हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, ज्याला सगळे मानू म्हणतात. 1998 चं हे केंद्रीय विद्यापीठ उर्दू माध्यमातून दूरशिक्षणाने बीए देतं. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून. आणि देशभर चालणारं इग्नू, 1985 चं. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, त्यामुळे दिवाळीच्या आसपास आणि उन्हाळ्यात होणाऱ्या कॉलेजच्या परीक्षांशी त्या सहसा टक्कर घेत नाहीत. तरी वेळापत्रक दरवर्षी ताडून पाहावं लागतं. दोन विद्यापीठांपैकी कुणीही तुमच्या मुलीसाठी पेपर पुढे ढकलणार नाही.

दुसरी पदवी खरंच लागते का?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे बीएच्या पदवीचीच रचना बदलली आहे. आता एक मुख्य विषय, मेजर, आणि त्याच्या जोडीला एक मायनर विषय असतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स. म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच फीमध्ये, मेजर अर्थशास्त्र आणि मायनर भाषा असं करता येऊ शकतं, कॉलेजात ती जोडी उपलब्ध असेल तर. ज्यांना दोन्ही विषयांची गोडी आहे पण दोन प्रमाणपत्रांचं खास काम नाही, त्यांना हे पुरेसं आहे. मेजर-मायनर कोणत्या सत्रात ठरवायचं आणि नंतर बदलता येतं का, हे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारून घ्या.

मग दुसरी पदवी कुणाला लागते? इथे स्पष्ट बोललं पाहिजे. एमपीएससी, तलाठी, बँकेची परीक्षा यांना कोणतीही एक पदवी पुरते. दोन पदव्या आहेत म्हणून एक गुणही जास्त मिळत नाही. अर्थशास्त्राचं ज्ञान तिथे उपयोगी पडतं, अर्थशास्त्राचं दुसरं प्रमाणपत्र नाही. दुसरी पदवी कामाची ठरते ती जिथे विषयाची अट असते तिथे. ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचं तर त्या विषयातली एमए आणि बीएड लागते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. उर्दू शाळेत जायचं स्वप्न असेल तर उर्दूतलं शिक्षण दाखवावं लागतं. ज्या मुलीला हे दोन्ही दरवाजे उघडे ठेवायचे आहेत, तिने दोन पदव्यांचा विचार जरूर करावा. "शेजारच्या शकीलने दोन केल्या" हे कारण चालणार नाही.

आणि मेहनतीचा हिशोब करा. इग्नूच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला चाळीस क्रेडिट धरले तर बाराशे तास होतात. वर्षातले तीनशे दिवस अभ्यास केला तरी रोजचे चार तास, तेही कॉलेज, प्रवास आणि घरकाम सोडून. मुलगी असेल तर हे चार तास घरात कोण तिला मोकळे करून देणार, हा प्रश्न अब्बा-अम्मीने आधी स्वतःला विचारावा. भावाला अभ्यासाला खोली आणि बहिणीला चूल, अशा घरात दोन पदव्या होत नाहीत, एकही धड होत नाही.

यातून एक सोपी वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. दूरशिक्षणाची पदवी तीनच वर्षांत संपवावी असं बंधन नसतं. इग्नूची बीए तीन वर्षांत होते तशी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. म्हणून कॉलेजचं पहिलं वर्ष फक्त कॉलेजला द्या. नवा विषय, नवी जागा, नवी परीक्षा पद्धत अंगवळणी पडू द्या. दुसऱ्या वर्षी दूरशिक्षणाला नाव घाला आणि सावकाश पुरं करा. मुलगी पदवी घेऊन बीएड किंवा नोकरीच्या शोधात असेल तेव्हा दुसरी पदवी तिच्या हातात येईल. मात्र बीएडसारख्या अभ्यासक्रमांना यूजीसीशिवाय त्यांच्या परिषदेचेही नियम लागतात. बीएड आणि एमए एकदम करायचं असेल तर "यूजीसीने परवानगी दिली आहे" एवढ्यावर थांबू नका, कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या.

पैशाबद्दल एकच उदाहरण. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये लंडनला गेल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राला आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला एकाच वेळी नाव घातलं होतं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना सगळं अर्धवट टाकून परत यावं लागलं. स्वतः पैसे जमवून 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध 1923 मध्ये डीएस्सीला मान्य झाला. एवढ्या बुद्धीच्या माणसाचं शिक्षणसुद्धा पैशासाठी तीन वर्षं अडलं. तेव्हा दोन्हीकडची तीनही वर्षांची फी, पुस्तकं, परीक्षा केंद्रापर्यंतचं जाणं-येणं हे सगळं कागदावर मांडल्याशिवाय दुसरा फॉर्म भरू नका.

मदरशातली मुलं

आपल्या जिल्ह्यात दीनी आणि दुनियावी तालीम एकत्र चालवण्याची गोष्ट नवीन नाही. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी 1979 मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं, आणि मदरशाच्या जोडीला शाळा, बीएड, फार्मसीपासून जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या मेडिकल कॉलेजापर्यंत काम नेलं. मे 2025 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी हे होऊ शकतं, हे त्यांनी करून दाखवलं.

मदरशात आलिम किंवा हिफ्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटतं की दोन पदव्यांचा नियम त्यांना आडवा येईल. येत नाही. आलिमची सनद ही यूजीसीच्या अर्थाने विद्यापीठाची पदवी नाही. त्यामुळे आलिम करता करता दूरशिक्षणाने बीए करणं हे "दोन पदव्या" या प्रकारात मोडतच नाही. 2022 च्या आधीही ते चालत होतं. अडचण असते ती दहावी-बारावीची. ज्या मुलाकडे बारावीचं प्रमाणपत्र नाही, त्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, एनआयओएसमधून, ते आधी करून घ्यावं. मानू काही ठरावीक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी मान्य करतं. आपला मदरसा त्या यादीत आहे का, हे तिच्यात नाव पाहूनच ठरवा, ऐकीव माहितीवर नाही.

अर्थशास्त्र "आपला" विषय आहे का?

हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण मनात असतो. इकबाल शायर म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं पहिलं छापील पुस्तक शायरीचं नव्हतं, ते उर्दूतलं अर्थशास्त्राचं होतं, इल्मुल इक्तिसाद. राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांनी 1926 मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेतली ती अर्थशास्त्रात, आणि प्लेटोचं रिपब्लिक उर्दूत आणणारेही तेच. इब्ने खल्दूनने चौदाव्या शतकात कर वाढवत गेलं की शेवटी सरकारचीच मिळकत कशी घटते ते लिहून ठेवलं. साहित्य आणि हिशोब आपल्याकडे कधी सवती नव्हत्या.

जवळचं उदाहरण सच्चर समितीचं. 2006 च्या त्या अहवालातूनच आपल्याला समजलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांपेक्षाही कमी आहेत, तर देशात हे प्रमाण सुमारे सात टक्के आहे. हे आकडे शोधून, जुळवून मांडण्याचं काम समितीचे सदस्य सचिव डॉ. अबू सालेह शरीफ यांचं, आणि ते अर्थतज्ज्ञ आहेत. आपली हालत काय आहे हे सांगायलाही अर्थशास्त्र येणारा माणूस लागतो.

काही घरांत सूदचा प्रश्न निघतो. बँकिंगच्या पेपरात व्याज शिकवतात, मग ते कसं? व्याज कसं चालतं हे समजून घेणं आणि व्याजाचा व्यवहार करणं या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या दिसतात. नोकरीच्या बाबतीत शंका असेल तर मसला आलिमांना विचारावा. पण मोहल्ल्याच्या जकातीचा हिशोब, वक्फच्या दुकानांचं भाडं बाजारभावाच्या मानाने किती असावं, ही कामंही अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचीच आहेत, आणि तिथे माणसं कमी आहेत.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात जड जाते ती विषयापेक्षा मराठी परिभाषा. उर्दूत तलब आणि रसद, मराठीत मागणी आणि पुरवठा. सरमाया म्हणजे भांडवल, इफराते-जर म्हणजे चलनवाढ, मीजानिया म्हणजे अर्थसंकल्प. गंमत म्हणजे व्यवहाराची मराठी फारसी-अरबीनेच भरलेली आहे. जमा, खर्च, रक्कम, नफा, किंमत, वसुली, दलाल, बाजार, सगळे ओळखीचे. फक्त एक शब्द चकवतो. उर्दूत महसूल म्हणजे कर, पण मराठी पुस्तकात महसूल म्हणजे सरकारची किंवा कंपनीची येणारी रक्कम. आम्ही मुलांना पहिल्याच आठवड्यात एक वही करायला सांगतो, एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. शंभरेक शब्द झाले की पुस्तक वाचता येऊ लागतं. गणिताचीही फार धास्ती नको. बीएला टक्केवारी, सरासरी, आलेख, निर्देशांक एवढं पक्कं लागतं. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी जायचं असेल तर मात्र गणित चांगलंच लागेल, ते अकरावीतच ठरवावं.

नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष पाहणीचा प्रकल्पही असतो. त्यासाठी विषय दूर शोधायला नको. नंदुरबारच्या मिरची पथारीवर हंगामात मजुरी कशी ठरते, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची किंमत कोण ठरवतं, ऊसतोडीला गुजरातेत जाणारं कुटुंब उचल किती घेतं आणि फेडतं कसं. अहिराणी, भिली, उर्दू, गुजराती या भाषा कानावर पडत वाढलेल्या आपल्या मुलांना इथे लोकांशी सरळ बोलता येतं. बाहेरून आलेल्या संशोधकाला त्यासाठी दुभाषा लागतो.

आता कागदपत्रं, कारण गाडी इथेच अडते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो आणि तो पहिल्या कॉलेजात जमा होतो. दुसरीकडे मागितला तर पंचाईत. विद्यापीठं असा मूळ दाखला किंवा मायग्रेशन मागून मुलांना अडवतात, अशा तक्रारी यूजीसीपर्यंत गेल्या होत्या आणि आयोगाने त्यावर विद्यापीठांना पुन्हा लिहिलंही. दाखला जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा. "एका वर्षात बीए", "परीक्षा आमच्याकडे सोडा" अशा जाहिराती करणाऱ्या सेंटरच्या दारात जाऊ नका. दूरशिक्षणाची फ्रँचायझी देणं नियमात बसतच नाही. संस्था आणि तो नेमका अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते पाहा, आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर भरा.

2024 पासून दूरशिक्षणाच्या किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी डेब आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक लागतो, आणि तो आधारशी जोडलेला असतो. आपल्या घरांत नावाचा घोळ नेहमीचा. आधारवर मोहम्मद, दहावीच्या गुणपत्रिकेवर मो., शाळेच्या रजिस्टरात महंमद. कुठे शेख आधी, कुठे नंतर. मुलींच्या नावात कुठे बी, कुठे बानो, कुठे काहीच नाही. ही नावं जुळली नाहीत तर क्रमांक निघत नाही आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या, आणि हे काम निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीतच उरका. जून-जुलैमध्ये आधार केंद्रावरची रांग किती लांब असते हे नंदुरबारकरांना सांगायला नको.